कातळशिल्पं: 'मूळ संशोधना'चा पुरस्कार कोणाला?

सड्यावरचा पाहुणा
प्राचीन शैलचित्रांवर मूळ संशोधन करणाऱ्याला पुरस्कार द्यावा अशी सूचना आहे, तिला माझी ना नाही. पण 'प्रसिद्ध शोधनिबंध हवा' ही पहिली अट घातली, की कोकणातली निम्मी माणसं दारातच अडतात. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची, म्हणजे जांभा खडकाच्या उघड्या पठारांवर कोरलेली, ही शिल्पं जगापुढे आणण्यात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांचा मोठा वाटा. रिसबूड पेशाने इंजिनिअर. गुराख्यांना विचारत, पदरमोड करून सडे पालथे घातले, म्हणून २०२२ साली कशेळी, बारसू, उक्षी ही नावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. हे मूळ संशोधन नाही, तर मग काय आहे?

नस्ती उठाठेव
शोध आणि संशोधन यांत गल्लत होतेय. आर्चिबाल्ड कार्लाइल या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला १८६७-६८ मध्ये मिर्झापूरकडे सोहागीघाटला चित्रं दिसली. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेतल्या चित्रांच्या दहा-बारा वर्षं आधी! पण गड्याने छापलं काहीच नाही. टिपणं पडून राहिली, ती उजेडात आली १९०६ साली. तोवर मान अल्तामिराला गेला होता. लिहिलं नाही तर सापडलेलं पुन्हा हरवतं. अट हवीच.

राजापूरकरीण
हरवतं कोणाचं? आमच्या आजोबांना सड्यावरची चित्रं ठाऊक होती, गुरं तिथेच चरायची. तुम्ही आलात, फोटो काढलात आणि म्हणालात 'शोध लागला'. गोव्यात उसगाळीमळच्या कातळशिल्पांपाशीही गावकऱ्यांनी सांगितलं तेव्हा १९९३ मध्ये पुरातत्त्वाची माणसं पोचली. पुरस्काराच्या कागदावर वाट दाखवणाऱ्याचं नाव कुठे असतं?

नस्ती उठाठेव
ताई, आभाराच्या पानावर असतं.

राजापूरकरीण
हो, छोट्या टायपात. 'स्थानिक ग्रामस्थ' म्हणून.

माळव्यातला मराठी
पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांचं उदाहरण दोघांनाही गैरसोयीचं आहे. १९५७ साली आगगाडीच्या खिडकीतून त्यांना मध्य प्रदेशातले, पुढे गुहाचित्रांसाठी गाजलेले भीमबेटकाचे खडक दिसले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ. पण खिडकीतून बघणं म्हणजे संशोधन नव्हे. पुढे उत्खनन केलं, चित्रांच्या नकला काढल्या, खाली कोणता रंग नि वर कोणता यावरून क्रम लावला. माणूस स्वतः चित्रकार, म्हणून हात चालला. १९७५ ची पद्मश्री त्या कामाची. निबंध मोजू नका, नोंदी मोजा: मापं, नकाशे, रेखाटनं.

सड्यावरचा पाहुणा
हे पटलं. अट 'निबंध' अशी नको, 'तपासता येईल अशी नोंद' अशी हवी. ती मग इंजिनिअर करो नाहीतर मास्तर.

नस्ती उठाठेव
चालेल, पण काळाचं काय? जांभ्यात कोरलेल्या रेघेचं वय थेट सांगणं महाकठीण. तरी व्हॉट्सॲपवर बिनधास्त फिरतं, 'वीस हजार वर्षं!' कोकणात आज गेंडा नाही, कातळावर मात्र गेंड्याची चित्रं आहेत. ती कोरणाऱ्याने गेंडा इथेच पाहिला की कुठून डोक्यात घेऊन आला? यावर जो घाम गाळेल, त्याला माझं मत. नुसत्या ड्रोनच्या व्हिडिओला नाही.

माळव्यातला मराठी
ड्रोनवर राग का? कशेळीचा हत्ती लांबीला सुमारे अठरा मीटर. पायाशी उभं राहून तो हत्ती आहे हेच कळत नाही.

राजापूरकरीण
आम्हाला कळतं. सकाळी लवकर, तिरपं ऊन असताना या. दुपारी बाराला सगळा कातळ सपाट दिसतो. पावसानंतर रेघांत माती साचते, गवत उगवतं, हिरव्या रेघेने चित्र आपोआप उठून येतं. आणि पुरस्काराची रक्कम असेलच, तर तिच्यातून आधी एक काम करा. आमच्या शेजारच्या सड्यावर चिरेखाणीचं यंत्र एका चित्रापासून वीस पावलांवर आलंय. तिथे दोरी बांधायलासुद्धा कोणी आलेलं नाही.

सड्यावरचा पाहुणा
ताई, गाव कोणतं ते निरोपात कळवा. रविवारी येतो, टेप आणि खडू घेऊन.

राजापूरकरीण
खडू नको हो. मागच्या वेळचा अजून गेलेला नाही.