भावाची दारू सोडवायची आहे (धारूर तालुका). उचलून नेणाऱ्या केंद्रात टाकावं का?

धारूरची_लेक

नमस्कार मंडळी. मी हडपसरला असते, माहेर धारूर तालुक्यात. मोठा भाऊ, वय ३८, जोडीनं ऊसतोडीला जातो. आधी सीझन संपवून गावी आला की प्यायचा. आता उठल्या उठल्या लागायली. नाही मिळाली तर चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी बशीत सांडतो. वहिनीचं डोरलं गहाण पडलंय.

गावातल्या एकानं एका केंद्राचा नंबर दिला. फोन केला तर म्हणाले, पत्ता सांगा, रात्री गाडी पाठवतो, पोरं उचलून आणतील. तीन महिने कुणी भेटायचं नाही, फोन नाही, महिन्याला १२,००० रुपये. आई म्हणते टाका एकदाचं. वहिनी नुसती रडायली. मामांनी कुण्या महाराजाकडून पुडी आणलीय, भाजीत कालवून घाला म्हणतात. दसरा-दिवाळीच्या दरम्यान मुकादम गाडी लावणार, उचल घेऊन झालीय. तोपर्यंत काय करता येईल? सरकारी दवाखान्यात याचं काही असतं का?

शेतीमाती_परभणी

पुडी द्या बिनधास्त. आमच्या चुलत्याची त्यानंच सुटली. दवाखान्यात नुसत्या झोपेच्या गोळ्या देऊन पाडून ठेवतात.

ओपीडीवाली

मी मराठवाड्यातल्याच एका जिल्हा रुग्णालयात मानसोपचार सामाजिक कार्यकर्ती आहे. डॉक्टर नाही. पेशंटची हिस्टरी घेणं, घरच्यांशी बोलणं आणि घरी गेल्यावर फोन करून पिच्छा पुरवणं हे माझं काम. म्हणून जरा लांबण लावते, सांभाळून घ्या.

परभणीकर दादा, चुलत्यांची सुटली, आनंदच आहे. पण पुडीत काय होतं ते तुम्हालाही माहीत नाही. अशा पुड्यांत कधीकधी डायसल्फिरामची गोळीच कुटून घातलेली असते. औषध खरं आहे, डॉक्टरही देतात, पण माणसाला सांगून, लिव्हर आणि हृदय तपासून. ते पोटात असताना वर दारू गेली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी खाली येतं. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. ज्याला ठाऊकच नाही तो पिणारच, आणि जिवावर बेतू शकतं. ताई, पुडी दवाखान्यात सोबत घेऊन जा. त्यातलं काही आधीच पोटात गेलं असेल तर डॉक्टरांना कळायला हवं.

आता ते गाडीवाले. नका देऊ त्यांच्या हाती. आत काय चालतं ते बाजूला ठेवते. पहिली भीती वेगळीच आहे. तुम्ही लिहिलंय, सकाळी हात थरथरतात. म्हणजे शरीराला दारूची सवय लागलीय. अशा माणसाची दारू एकदम तुटली की सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटका येऊ शकतो, फिट म्हणतो आपण. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो. आमच्या वॉर्डात एकजण रिकाम्या तळहातावर तंबाखू मळायचा, चुना लावायचा, टाळी देऊन झटकायचा, चिमूट ओठात ठेवायचा. हातात काही नाही! दुसरा पलंगाच्या कठड्याला ऊस समजून तोडायचा आणि चादरीची मोळी बांधून बायकोला म्हणायचा, "उचल की." घरी हे झालं की म्हणतात बाहेरचं लागलं, आणि देवऋष्याकडं दोन दिवस जातात. दुर्दैव हे की यात माणूस दगावतो, आणि वेळेवर औषध मिळालं तर बहुतेक जण आठवडाभरात ताळ्यावर येतात. लिब्रियम किंवा लोराझेपामसारख्या गोळ्या मोजून देतात आणि रोज कमी करत आणतात. परभणीकर दादा म्हणतात त्या झोपेच्या गोळ्या याच. सोबत बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लागतात. गावातला डॉक्टर नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवत असेल तर "आधी बी-१ द्या" एवढं नक्की म्हणा. अंगात बी-१ संपलेलं असताना नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. गाडीतून नेऊन खोलीत कोंडणारा यातलं काय बघणार?

कायद्याचंही ऐका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७चा, लागू झाला २९ मे २०१८ला. दारू-नशेमुळं होणारे आजार त्यात धरलेत. पेशंट ठेवणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. साखळीनं बांधायला सक्त मनाई. माणूस स्वतः ठरवायच्या अवस्थेत नसेल तर घरच्या प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं, पण तपासणी करून आणि तीस दिवसांपुरतं. पुढं ठेवायचं तर दोन मानसोपचारतज्ज्ञांनी स्वतंत्र तपासावं लागतं. फोन करण्याचा, भेटण्याचा हक्क पेशंटचा असतो. "तीन महिने भेट नाही" म्हणणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा, पुढचं बोलणं आपोआप आखूड होतं.

कुठं न्यायचं? धारूरहून अंबाजोगाई जवळ. स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयात थोडी फी पडते. शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरल्या वारी तालुक्याला येते. वार आशाताईंना विचारा. प्रेरणा प्रकल्प या सरकारी मानसिक आरोग्याच्या योजनेमुळं मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत त्यांच्याकडं हे काम आलंय, त्यांना सांगायला लाजू नका.

आणि "दारू सोडवायला चल" म्हणून कुणी येत नसतं. झोप नाही, जेवण जात नाही, हात थरथरतात, यातलं त्यालाच जे सलतंय ते धरा. सकाळी बोला, संध्याकाळी नको. आणि नेईपर्यंत घरी त्याची दारू एकदम बंद करू नका.

हुरडापार्टी_लातूर

मी पिणाराच होतो, म्हणून पुडीबद्दल माझंही ऐका. बायकोनं मला वरणात घातली होती. मला कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी घरचं अन्नच घेतलं नाही, स्टँडसमोर खायचो आणि दुप्पट प्यायचो. पुढं पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ला सुरू केलेलं. तिथं पाच आठवडे राहायचं असतं, आणि घरच्यांनाही बोलावून घेतात. ते बरं वाटलं, नाहीतर घरचे म्हणतात आमचं काय, हाच बिघडलाय.

आल्यावरचं सांगतो. दवाखान्यातनं सुटलेला माणूस बघायला अख्खं गाव येतं. "काय, सोडली म्हणं?" पोळ्याला तर एकानं बैलाच्या खांद्यावर हात ठेवून मलाच शपथ घातली, फक्त एक घे. भावाला पारावर बसायला नका पाठवू काही दिवस. जवळपास एएची, म्हणजे दारू सोडलेल्या-सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस गटाची, मीटिंग असेल तर बघा, पैसे लागत नाहीत, नाव-गाव कुणी विचारत नाही.

सीमेवरचा_देगलूरकर

जरा वेगळं. आमच्याकडं तेलंगणाच्या बाजूची शिंदी, म्हणजे ताडीसारखी झाडाची दारू, चालते. तिकडं शिंदीत अल्प्राझोलाम, क्लोरल हायड्रेट अशी गुंगीची औषधं मिसळल्याची प्रकरणं कितीदा झालीत. तशी शिंदी बंद केली तरी झटके येतात, वेड्यासारखं करतात. आणि संभाजीनगरला पोरं "बटन" खातात, तीही झोपेचीच गोळी. डॉक्टरला फक्त "दारू" सांगू नका, जे जे घेतो ते सगळं सांगा.

धारूरची_लेक

सगळ्यांचे आभार. केंद्राला नोंदणी नंबर विचारला, "मॅडम नंतर करतो" म्हणून फोन ठेवला तो ठेवलाच. भावाशी वहिनी बोलली, झोपेच्या गोळीसाठी येतो म्हणाला. पण सीझनचं काय? जोडीची उचल आहे, हा गेला नाही तर वहिनीलाही काम नाही आणि मुकादम दारात बसेल.

ओपीडीवाली

एक सीझन टळला तर सोनं. बहुतेक वेळा टळत नाही, मला माहिती आहे. निदान दाखल होऊन बाहेर आल्यावर आठ-दहा दिवस मधे ठेवा. मुकादमाला वहिनींनी नाही, मामांनी भेटावं. आजारपणाचा कागद दाखवा, चार दिवस उशिरा आला तर त्याचंही काही अडत नाही; आजारी माणूस फडावर पडला तर त्याचीच गाडी भरत नाही, हे त्याला बरोबर कळतं.

जाताना डिस्चार्ज कार्डाचा फोटो वहिनींच्या मोबाईलमध्ये हवा. कागद फडावरच्या कोपीत (झोपडीत) भिजतात. गोळ्या संपत आल्या की सांगली-कोल्हापूरकडं जिथं असतील तिथल्या उपजिल्हा रुग्णालयात तेच कार्ड दाखवायचं. रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४१६, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. व्यसनासाठी १४४४६ वेगळा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आठवड्याची खर्ची वहिनींच्या हातात द्यायची, हे मुकादमाकडून निघण्याआधी कबूल करून घ्या. फडावर माणूस अंग दुखतंय म्हणून पितो, पण पितो त्या खर्चीतूनच. अंगदुखीचंही डॉक्टरांना सांगा, गोळी देतात.

पुन्हा प्यायला तर? शक्यता आहे. घाबरून त्या गाडीवाल्यांना फोन करू नका, लगेच परत आणा. दुसऱ्या खेपेला आलेल्यांना आम्ही रागावत नाही.

धारूरची_लेक

मंगळवारी अंबाजोगाईला न्यायचं ठरलं. दाखल केलं तर जवळ माणूस लागतो का? आई बसते म्हणते.

ओपीडीवाली

लागतो. आईंना रात्री नका बसवू, भ्रमात माणूस उठून पळतो, ढकलतो, आवरायला दणकट माणूस हवा. मामा आणि अजून एकजण आळीपाळीनं. वहिनींना मात्र पहिल्या दिवशी आणाच, आणि त्यांचाही केसपेपर काढा. झोप लागत नाही, रडू येतं एवढं सांगितलं तरी पुरे. पुन्हा मुद्दाम त्यांच्यासाठी कोण आणायलंय त्यांना.