मदत हवी आहे: विकत घेतलेल्या बॅकलिंकचं (दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्या साइटला दिलेल्या लिंक) काय करू आणि खऱ्या लिंक मिळवायच्या कशा?

नमस्कार मंडळी, आम्ही सावंतवाडीचे, सासऱ्यांचा लाकडी खेळण्यांचा धंदा आहे, लेथ घरातच, फळं, भातुकली, भोवरे असं सगळं करतो. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं तेव्हा मी हौसेने वेबसाइट करून घेतली. दिसते बरी, पण गूगलवर सावंतवाडीची खेळणी शोधली की मोठमोठे ऑनलाइन दुकानदार आधी येतात आणि आम्ही चौथ्या पानावर, तिथे कोण येतंय मरायला.

मग एका एजन्सीवाल्याचा फोन आला, ४ हजारात ५०० बॅकलिंक, हाय डीए मॅडम, तीन महिन्यात पहिलं पान. डीए म्हणजे काय हे विचारायची लाज वाटली आणि पैसे देऊन मोकळी झाले 🤦‍♀️ त्याने एक्सेल शीट पाठवली ती परवा एकेक उघडत बसले, तर एक पान ऑनलाइन स्लॉटचं, सगळीकडे चकचकीत जाहिराती आणि मधेच इंग्रजीत एक ओळ की उत्तम लाकडी खेळणी स्वस्तात घ्या, खाली आमची लिंक. दुसरं पान कुत्र्यांच्या औषधाचं, तिथेही शब्दन् शब्द तीच ओळ. सासरे मागे उभे राहून बघत होते, म्हणाले, "आपली खेळणी जुगाराच्या अड्ड्यार कित्याक गो?" काय सांगणार त्यांना.

गंमत म्हणजे अमेरिकेतल्या मराठी शाळेच्या एका ताईंनी मुलांसाठी भातुकलीवर लिहिलं होतं, त्यात न विचारता आमची लिंक दिली, त्या एका लिंकवरून तीन ऑर्डरी आल्या. ५०० वाल्यांवरून शून्य.

तर आता त्या लिंक काढायच्या कशा, साइटला दंड बसेल का, आणि त्या ताईंसारख्या लिंक अजून कुठून मिळतील, जरा सविस्तर सांगा प्लीज.

लिंकवाला_भाऊ: डीए ५०+ बॅकलिंक फक्त ९९९, इनबॉक्स करा

घाटावरचा: वरच्या भाऊंना अ‍ॅडमिननी उचला आधी 😂

ताई, घाबरू नका. डीए म्हणजे डोमेन अथॉरिटी, साइट किती वजनदार याचा मॉझ नावाच्या कंपनीने काढलेला अंदाजाचा आकडा, गूगल तो वापरत नाही. २०१२ मध्ये गूगलचा पेंग्विन नावाचा अपडेट आला तेव्हा असल्या लिंकांनी साइटी खरंच आपटायच्या, पण २०१६ पासून गूगल बहुतेक वेळा कचरा लिंक मोजतच नाही, म्हणजे तुमचे ४ हजार गेले एवढंच. सर्च कन्सोलमध्ये (साइटवाल्यांसाठीचं गूगलचं फुकट टूल) मॅन्युअल अ‍ॅक्शन्स बघा, म्हणजे गूगलच्या माणसांनी तपासून लावलेला दंड. तिथे काही नसेल तर सोडून द्या. असेल तर मात्र एजन्सीला लिंक काढायला सांगा, ज्या निघणार नाहीत त्या डिसअव्हाऊ टूलमध्ये टाका (या लिंक धरू नका असं गूगलला कळवायचं टूल) आणि मग गूगलला पुन्हा तपासा म्हणून रिव्ह्यूची रिक्वेस्ट. टूल उगाच वापरू नका, चांगल्या लिंकही त्यात जातात, मी स्वतः केलाय हा शहाणपणा.

आंबोलीकरीण: तुमचा माल कुठे कुठे जातो? गोव्यातली दुकानं, इकडचे होमस्टे, ज्यांच्या शोकेसमध्ये तुमची फळं आहेत त्यातल्या कितीजणांची साइट आहे? त्यांना सांगा ना, खेळणी कुणाची ते लिहा आणि लिंक द्या. फोटो तुम्ही काढून द्या, लोक आळशी असतात, आयतं मिळालं की लावतात.

आणि साइटवर फक्त किंमती आणि कार्टचं बटण असेल तर लिंक कोण देणार? फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाने लाख वितळून रंग कसा चढतो ते दाखवा, सासऱ्यांचे हात दिसू देत, बोलणं मालवणीतच ठेवा. शाळावाले, पर्यटनवाले, पेपरवाले असल्या पानाला लिंक देतात. पैसे देऊन लेख छापून आणलात तर त्या लिंकच्या कोडमध्ये स्पॉन्सर्ड किंवा नोफॉलो अशी खूण लावायला सांगा, गूगलचा नियमच आहे तो. आणि त्या अमेरिकेतल्या ताईंना थँक यू तरी पाठवलंत का?

धागाकर्ती: नाही पाठवलं हो 🙈 आजच मेल करते. सर्च कन्सोल बघितलं, मॅन्युअल अ‍ॅक्शन काही नाही, हुश्श. सासरे व्हिडिओला तयार आहेत पण म्हणतात आधी दाढी करून येतो. बाकी तो मोबाईल लेथजवळ कसा धरायचा, लाकडाचा भुगा उडतो सगळा, कुणी केलंय का असं शूटिंग?