मदत हवी आहे: एक्सपोर्टच्या कागदांवर ॲपोस्टिल कुठं करून मिळेल? कंटेनर निघून गेलाय

वसमतचा_हळदवाला
हळदीचा कंटेनर न्हावा शेवावरून निघाला. गिऱ्हाईक म्हणतंय कागद लीगलाइज करून (सरकारी शिक्के मारून प्रमाणित करून) कुरिअर करा, नाहीतर माल सुटणार नाही. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर (सीओओ, माल कोणत्या देशाचा याचा दाखला) चेंबर ऑफ कॉमर्सचा शिक्का झालेला आहे. एजंट आता ॲपोस्टिल म्हणून सरकारी शिक्का घ्यावा लागेल म्हणायलाय आणि रोज वेगळा रेट सांगायलाय. हे काम संभाजीनगरला होतं का मुंबईलाच जावं लागतं? लवकर सांगा, जहाज पोचायच्या आत कागद तिकडं पाहिजेत.

जालना_बियाणं
देश कोणता? ते कळल्याशिवाय कोणीच काही सांगू शकणार नाही.

काका_खुलताबाद
ॲपोस्टिल अवघड नाही. माझ्या पुतण्याला मस्कतला नोकरी लागली तेव्हा केलं होतं. आधी राज्य शासनाकडून डिग्रीची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं स्टिकर. मार्कशीटच्या झेरॉक्स जास्तीच्या काढून ठेवा आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का बघा.

वसमतचा_हळदवाला
काका, डिग्रीचं नाही, मालाचं आहे. देश इजिप्त, पोर्ट अलेक्झांड्रिया.

सीएचए_उरण
इजिप्त म्हणजे ॲपोस्टिलचा विषयच संपला. ॲपोस्टिल हा 1961 च्या हेग कराराचा शिक्का. भारतात तो 14 जुलै 2005 पासून लागू आहे, पण इजिप्त त्या करारात नाही. तिथल्या कस्टमला त्यांच्या वकिलातीचाच शिक्का लागतो. मुंबईत इजिप्तचं वाणिज्य दूतावास आहे, काम तिथं होईल. एजंटला ॲपोस्टिलचे पैसे देऊ नका.

परभणी_एक्सपोर्ट
इतकं घाबरवू नका त्यांना. आम्ही सौदीला माल पाठवतो. आधी आम्हालाही वकिलातीच्या चकरा होत्या, पण 7 डिसेंबर 2022 पासून सौदी हेग करारात आला. आता आखातात सगळीकडं तेच चालतं.

सीएचए_उरण
साहेब, सगळीकडं नाही. कुवेत, कतार, यूएई करारात नाहीत. दुसरं म्हणजे त्याच कराराच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की व्यापार किंवा कस्टमच्या व्यवहाराशी थेट संबंध असलेले प्रशासकीय कागद कराराच्या बाहेर. म्हणून देश करारात असला तरी सीओओवर ॲपोस्टिल चालेल का, हे तिकडच्या आयातदाराला विचारूनच ठरवावं. तुमचं सौदीत चाललं, चांगलं झालं. त्यावरून इजिप्तचा हिशोब लावू नका.

जालना_बियाणं
हळदवाले भाऊ, नेमके कोणते कागद मागितलेत? आणि पेमेंट कसं ठरलंय?

वसमतचा_हळदवाला
सीओओ आणि कमर्शियल इन्व्हॉइस. फायटोचं (मालाला कीड-रोग नाही याचं) सर्टिफिकेट पण करायचं का? पेमेंट 30 टक्के ॲडव्हान्स आलंय, बाकीचं कागदांवर.

सीएचए_उरण
फायटो राहू द्या, ते सरकारी प्लांट क्वारंटाइनचं आहे. गिऱ्हाइकानं जे दोन मागितले तेवढेच करा. क्रम असा: कागदावर आधी चेंबरची सही-शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय, मग दूतावास. मंत्रालय थेट आपल्या हातून कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीमार्फत जातो.

लातूर_डाळमिल
मधली पायरी उगाच सांगायलेत. आमचा माणूस चेंबरचा शिक्का घेऊन थेट वकिलातीत जातो, होऊन येतं.

सीएचए_उरण
कोणत्या देशाच्या वकिलातीत? काही ठिकाणी चेंबरच्या सह्यांचे नमुने त्यांच्याकडं ठेवलेले असतात, तिथं थेट चालतं. नमुना नसेल तर कागद परत येतो. दूतावास तुमची हळद कुठली आहे हे तपासत नाही, आधीच्या सहीचा माणूस ओळखीचा आहे का एवढंच तपासतो. म्हणून फोन करून विचारायचं: "आमच्या चेंबरच्या सहीचा नमुना तुमच्याकडं आहे का, मंत्रालयाचा शिक्का लागेल का?" एका फोनचं काम आहे.

लातूर_डाळमिल
आमचं यूएईचं होतं. बरं, ही फोनची गोष्ट पटली.

हिंगोली_शेतकरी
विषयात नाही, पण सांगतो. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, तरी आमची कांडी अजून सांगलीच्या नावानं विकली जाते. बाहेर माल जायलाय हे वाचून बरं वाटलं. शेतकऱ्याकडून थेट घेता का मोंढ्यातून? पॉलिश केलेली गेली का कच्ची?

वसमतचा_हळदवाला
मोंढ्यातून, पॉलिश कांडी. त्यावर नंतर बोलू दादा. आता कागदाचं बघू द्या.

जालना_बियाणं
"बाकीचं कागदांवर" म्हणता आणि कागद कुरिअरनं गिऱ्हाइकाला पाठवायलेत? ओरिजिनल बिल ऑफ लेडिंग (बीएल, जहाज कंपनीची मालाची पावती) त्याच्या हातात गेलं की माल त्याचा, आणि 70 टक्के तुम्ही मागत बसा. कागद बँकेमार्फत पाठवा. तुमची बँक तिकडच्या बँकेला पाठवेल, पैसे भरले की गिऱ्हाइकाला मिळतील. लीगलाइज केलेला सीओओ आणि इन्व्हॉइस त्याच सेटमध्ये लावा.

परभणी_एक्सपोर्ट
बँकेनं उशीर होतो. माणूस विश्वासाचा असेल तर थेट पाठवा. आम्ही असंच करतो.

जालना_बियाणं
तुमचं जुनं गिऱ्हाईक असेल. यांचं जुनं आहे का नवं, ते अजून कळलेलं नाही.

वसमतचा_हळदवाला
पहिलीच ऑर्डर आहे.

जालना_बियाणं
मग बँकच. यात दुसरा विचार करू नका.

सीएचए_उरण
आणखी एक. इजिप्तला 1 ऑक्टोबर 2021 पासून समुद्रमार्गाच्या मालाला ॲसिड नंबर (माल निघण्याआधीच्या नोंदणीचा नंबर) सक्तीचा आहे. आयातदार तिकडच्या कस्टमच्या नाफेझा पोर्टलवरून काढतो, 19 आकडी असतो. तो आहे ना? आणि कार्गोएक्सवर (तिकडं कागद ऑनलाइन पाठवायचं पोर्टल) कागद चढवले का?

वसमतचा_हळदवाला
नंबर आहे, इन्व्हॉइसवर पण आणि बीएलवर पण. कार्गोएक्सवर इन्व्हॉइस चढवली.

सीएचए_उरण
मग शिक्का मारायची इन्व्हॉइस तीच, अक्षरशः तीच असली पाहिजे. नंबर, तारीख, वजन, नाव, काही बदललं तर तिकडं अडेल. सीओओ आणि इन्व्हॉइस शेजारी ठेवून कन्साइनीचं (माल घेणाऱ्याचं) नाव वाचा आणि इथं लिहा.

वसमतचा_हळदवाला
इन्व्हॉइसवर मालकाच्या नावापुढं "अँड सन्स फॉर इम्पोर्ट" आहे. सीओओवर फक्त मालकाचं नाव. सीओओ एजंटनं भरलं होतं.

सीएचए_उरण
मग मुंबईला पाठवूच नका अजून. बीएलवर काय आहे बघा, त्याप्रमाणं सीओओ दुरुस्त करून घ्या. अर्ज डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर झाला असेल, चेंबरला फोन करून दुरुस्ती कशी टाकायची विचारा. जुना सीओओ त्यांना परत द्या, दोन फिरू देऊ नका. दुरुस्त आल्यावर पुढचे शिक्के. चुकीच्या नावावर वकिलातीचा शिक्का बसला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

काका_खुलताबाद
पुतण्याचंही स्पेलिंगमुळंच अडलं होतं. आधी नाव बघा म्हणून मी सुरुवातीलाच लिहिलं होतं.

वसमतचा_हळदवाला
बीएलवर इन्व्हॉइसप्रमाणंच पूर्ण नाव आहे. चेंबरला फोन लावला, दुरुस्ती होते म्हणाले, जुना ओरिजिनल घेऊन या. दूतावासालाही विचारलं, मंत्रालयाचा शिक्का करूनच आणा असं सांगितलं. एजंटला ॲपोस्टिल नको म्हणून कळवलं. बँकेत कुणाला भेटू?

जालना_बियाणं
ज्या शाखेत तुमचा एडी कोड (एक्सपोर्टच्या व्यवहारासाठीचा बँकेचा कोड) आहे तिथं फॉरेक्स डेस्क असतो. एक्सपोर्ट बिल फॉर कलेक्शनचा फॉर्म मागा, त्यावर "पैसे भरल्यावरच कागद द्या" ही सूचना टिक करा. शिपिंग बिलाची प्रत सोबत न्या. गिऱ्हाइकाला त्याच्या बँकेचं नाव, पत्ता, स्विफ्ट कोड आजच मागून घ्या, त्यावरच जास्त वेळ जातो.