लाइव्ह कार्यक्रमाच्या साउंड इंजिनिअरचे मानधन कशाच्या आधारावर ठरवावे?

मध्यसप्तक (प्रश्न)

मी काही वर्षांपासून लाइव्ह संगीताच्या कार्यक्रमांसाठी स्वतंत्रपणे मिक्सिंग (गायक-वादकांचे आवाज योग्य प्रमाणात मिसळण्याचे काम) करतो. ध्वनियंत्रणा भाड्याने देणारा व्यावसायिक वेगळा असतो आणि मला बहुतेक वेळा कलाकार किंवा आयोजक थेट बोलावतात. अलीकडे एका आयोजकांनी माझा दर ऐकून विचारले, की कार्यक्रम जेमतेम दोन तासांचा आहे, यंत्रणेबरोबर ऑपरेटर येतोच, मग तुम्हाला वेगळे पैसे कशासाठी द्यायचे? त्यांच्या बोलण्यात उपमर्द नव्हता. मिक्सरमागे बसलेला माणूस नेमके काय करतो, हे त्यांना कधी कोणी सांगितलेच नव्हते.

दर ताशी सांगावा, दिवसाचा सांगावा, की कार्यक्रमाच्या आकारावर ठरवावा? एकदा दर उतरवला की पुढच्या वेळी तोच गृहीत धरला जातो आणि न उतरवल्यास काम दुसऱ्याकडे जाते. अनुभवी मंडळींनी यातून कोणती पद्धत बसवली आहे, हे जाणून घ्यायचे आहे.

खर्जनाद

ताशी दर सांगू नका. दोन तासांच्या कार्यक्रमासाठी माणूस सकाळपासून रात्री सामान गाडीत चढेपर्यंत अडकलेला असतो आणि त्या दिवशी त्याला दुसरे काम घेता येत नाही; म्हणून विकला जातो तो पूर्ण दिवस. त्यातही कौशल्याचा मोठा भाग पहिला सूर लागण्यापूर्वीच खर्च झालेला असतो. कोणते वाद्य कोणत्या चॅनेलवर येणार याची यादी, वायरलेस माइकच्या फ्रीक्वेन्सी एकमेकींत मिसळून तिसरीच नको ती फ्रीक्वेन्सी तयार होणार नाही याची आखणी, स्पीकरची दिशा आणि उंची, लाइन चेक (प्रत्येक माइकचा आवाज मिक्सरपर्यंत येतो का ते पाहणे), साउंडचेक (कलाकारांसह आवाज बसवणे) हे सारे नीट झाले तरच कार्यक्रमात इंजिनिअर स्वस्थ बसलेला दिसतो, आणि नेमक्या त्या स्वस्थपणावरून त्याची किंमत कमी धरली जाते.

त्या आयोजकांना एखादे ठोस उदाहरण द्या. मंचापासून ३४ मीटर मागे आणखी स्पीकर लावले, तर मंचावरचा आवाज तिथे पोहोचायला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात. मागच्या स्पीकरना तेवढा विलंब मोजून दिला नाही, तर शेवटच्या रांगांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आणि ही चूक आवाज वाढवून सुधारत नाही, उलट अधिक उघडी पडते. मंचावरचे उघडे माइक दुप्पट झाले, की फीडबॅकपूर्वी (स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी वाजण्यापूर्वी) आवाज वाढवायला हाताशी असलेली जागा साधारण ३ डेसिबलने घटते. त्यामुळे कोणता माइक कधी बंद ठेवायचा हा निर्णय कार्यक्रमभर चालूच असतो. रिकाम्या सभागृहात बसवलेला आवाज प्रेक्षक आल्यावर बदलतो, कारण माणसे आणि त्यांचे कपडे वरच्या पट्टीतला आवाज शोषून घेतात. अशा वेळी काय ऐकायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे कानाला कळावे लागते.

आता दिवसाच्या दराबद्दल. वर्षाचा घरखर्च, स्वतःची साधने आणि त्यांची दुरुस्ती, विमा, शिकण्यावर होणारा खर्च आणि बचत यांची बेरीज करून तिला पैसे मिळणाऱ्या दिवसांनी भागा. नोकरदार माणसाप्रमाणे ३०० ने भागले आणि प्रत्यक्षात १०० दिवसच काम मिळाले, तर हाती येते ती गरजेच्या एक तृतीयांश रक्कम. पुष्कळ चांगले इंजिनिअर याच हिशेबापायी चाळिशीच्या आसपास हा व्यवसाय सोडताना मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण त्या वयात कान सर्वांत जाणता झालेला असतो.

विंगेतून

मी पैसे देणाऱ्या बाजूचा, म्हणजे कार्यक्रमांचे व्यवस्थापन करणारा आहे. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक कोटेशनमध्ये यंत्रणा, वाहतूक आणि माणसे मिळून एकच आकडा असतो. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर डोळ्यांना दिसतात, म्हणून तो सगळा आकडा सामानाचा आहे असे वाटते आणि इंजिनिअर त्याच्याबरोबर फुकट आल्यासारखा भासतो. यंत्रणा देणाऱ्यानेही आपल्या माणसाचे मानधन वेगळ्या ओळीत लिहावे, अशी अट आम्ही आता घालतो, आणि तेव्हापासून घासाघीस सामानाच्या संख्येवर होते, माणसावर होत नाही.

तुम्ही लेखी अटी पाठवा, असे मी आग्रहाने सांगेन. दिवस किती तासांचा (दहा तास हा समजायला सोपा आकडा आहे), त्यापुढच्या प्रत्येक तासाचा दर काय, प्रवासाच्या दिवसाचे किती, राहण्या-जेवणाची सोय कोणाकडे, आगाऊ रक्कम किती आणि कार्यक्रम रद्द झाल्यास किती दिवस आधी कळवले तर किती भरपाई, एवढे एका पानावर मावते. असे पान पाठवणाऱ्याशी आम्ही सहसा दरावरून वाद घालत नाही, कारण ऐन वेळी काही बिघडले तरी हा माणूस पद्धतशीर वागेल असा विश्वास वाटतो.

आमची रक्कम खरोखरच अपुरी असते, असेही प्रसंग येतात. त्या वेळी दर न उतरवता काम कमी करावे: माइक कमी, मल्टिट्रॅक (प्रत्येक माइकचे वेगवेगळे) ध्वनिमुद्रण नको, मॉनिटरसाठी (मंचावरच्या कलाकारांना ऐकू येणाऱ्या आवाजासाठी) स्वतंत्र इंजिनिअर नको.

मॉनिटरबाजू

विंगेतून यांचे बाकीचे सगळे मान्य आहे, पण शेवटचे मान्य नाही. मॉनिटर इंजिनिअर काढला म्हणून त्याचे काम नाहीसे होत नाही. ते समोरच्या, म्हणजे प्रेक्षकांचा आवाज सांभाळणाऱ्या, इंजिनिअरच्या अंगावर पडते. मग एक माणूस सात-आठ कलाकारांना वेगवेगळे मिक्स देत प्रेक्षकांचाही मिक्स सांभाळतो, आणि मानधन मात्र एकाचेच घेतो. छोट्या वाद्यवृंदात हे निभते. जिथे प्रत्येक कलाकाराच्या कानात इन-इअर (कानात बसणारा छोटा मॉनिटर) आहे, तिथे एक चुकीची हालचाल थेट त्याच्या कानाच्या पडद्यावर आदळते. इतकी जोखीम सांभाळणाऱ्याला दुय्यम मानून कमी पैसे देण्याची रीत मला अन्यायाची वाटते. दोन्ही कामे एकाकडे आली, तर दर वाढलाच पाहिजे.

आणखी एक खर्च खर्जनाद यांच्या बेरजेत हवा, तो म्हणजे कान. अमेरिकेतील नायॉश या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डीबीए (कानाच्या संवेदनशीलतेनुसार मोजलेले डेसिबल) आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला ती निम्मी होते. म्हणजे १०० डीबीएला केवळ १५ मिनिटे. मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमात ही मर्यादा पहिल्या दोन-तीन गाण्यांतच संपते. नियमित श्रवणचाचणी, साच्यातून बनवलेले इअरप्लग आणि कानांना विश्रांती म्हणून सोडलेला दुसरा दिवस हे सगळे दरातूनच यायला हवे, कारण कान गेल्यावर या व्यवसायात दुसरे भांडवल उरत नाही.

नवशिक्यांविषयीही सांगतो. केबल टाकणाऱ्या आणि मंचावर पॅचिंग (केबल योग्य जागी जोडण्याचे काम) करणाऱ्या मुलाला इंजिनिअरपेक्षा कमी मिळणे रास्त आहे. अनुभव मिळतो म्हणून काहीच न देणे रास्त नाही. फुकट काम करणारा उपलब्ध असला, की वरच्या प्रत्येकाचा दर खाली ओढला जातो.

मध्यसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. अटींचे पान आजच लिहायला घेतो. एक शंका उरते: एका गायक-मंडळींबरोबर मी नेहमी असतो आणि त्यांना सवलत द्यावीशी वाटते. ती दिली, तर दर मोडल्यासारखे होईल का?

खर्जनाद

सवलतीच्या बदल्यात निश्चिती मागा. वर्षातल्या ठरावीक तारखा त्यांनी लेखी द्याव्यात आणि त्यांपैकी एखादी रद्द झाली तरी ठरलेला हिस्सा द्यावा. बिलावर मात्र आधी पूर्ण दर लिहा आणि सवलत खाली वेगळ्या ओळीत वजा करून दाखवा. उद्या त्यांचा व्यवस्थापक बदलला, तर नव्या माणसासमोर तुमचा मूळ दर कागदावर असेल.