रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवरच्या 'आमच्या' आणि 'त्यांच्या' मुली: भांडण संस्कृतीचं की कागदपत्रांचं?

रात्रपाळी (धागाकर्ती):
न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्सला राहून मला अकरा वर्षं झाली. मराठी माणसाला हा भाग माहीत असतो तो ७४व्या रस्त्यावरच्या साड्या, सोनं आणि मिठाईमुळे. तिथून रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूवर वळलं की डोक्यावरून सात नंबरची गाडी धडधडत जाते आणि खाली सगळं स्पॅनिश सुरू होतं. आधी कोलंबियन बेकऱ्या, मग एक्वाडोरवाले, पुढे कोरोना नावाच्या वस्तीकडे मेक्सिकोतल्या पुएब्लाची माणसं. रात्री इथल्या काही बारमध्ये 'बायलारिना' असतात. एका गाण्याला दोन डॉलर द्यायचे आणि तिच्याबरोबर नाचायचं. गाणं संपलं, व्यवहार संपला. गिऱ्हाईक म्हणजे बांधकामावरचे मजूर, हॉटेलात भांडी घासणारे, बायकामुलं गावी ठेवून आलेले पुरुष.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. पहाटे अडीच-तीनला या मुली येतात. टाचांना लावायच्या पट्ट्या, दुखण्याच्या गोळ्या, कधी नुसती पाण्याची बाटली. पैसे देतात त्या एकेक डॉलरच्या नोटा, उभी घडी घातलेल्या, घामाने ओलसर. काउंटरवर तळहाताने सरळ करून मोजतात. गेल्या महिन्यात रांगेतच दोघींची जुंपली. एक डॉमिनिकन (म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिकची), वीसेक वर्षं इथे असलेली. दुसरी व्हेनेझुएलाची, नुकती आलेली. पहिली म्हणत होती, "दोन डॉलरचा दर आम्ही टिकवला आणि तुम्ही एका डॉलरला नाचता. वर बचाता येत नाही ते वेगळंच." (बचाता म्हणजे डॉमिनिकन लोकांचं नाचगाणं.) दुसरीने उलट ऐकवलं, "तुला पोलिसांची भीती नाही, मला आहे. तू दर धरून बसू शकतेस."

मला तेव्हाच पटलं की लॅटिनो लोकांमधली ही चुरस आपण उगाच 'रक्तातली' समजतो. पोर्तो रिकोचा माणूस १९१७पासून अमेरिकन नागरिक. क्यूबनला १९६६च्या कायद्याने ग्रीन कार्डाची वाट मोकळी. व्हेनेझुएलावाल्यांना २०२१मध्ये हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण मिळालं आणि २०२५मध्ये ते काढून घ्यायला सुरुवात झाली. मेक्सिको आणि एक्वाडोरच्या कित्येकांकडे काहीच नाही. बारमध्ये कोण कोणाला हिणवतं ते बघा, उतरंड नेमकी हीच दिसेल. तुम्हाला काय वाटतं?

ढोलकीची थाप:
लेखन आवडलं, निष्कर्ष पटला नाही. "बचाता येत नाही" हे वाक्य तुम्ही 'वर' म्हणून सोडून दिलंत. माझ्या मते मुख्य वाक्य तेच आहे.

बचाताचा इतिहास बघा. डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियोने १९३० ते १९६१ या आपल्या राजवटीत मेरेंगे या दुसऱ्या नाचगाण्याला राष्ट्रीय मान दिला. बचाता मात्र दारूच्या गुत्त्यांतलं, वेश्यावस्तीतलं, खेड्यातून आलेल्या गरिबांचं गाणं म्हणून हिणवली गेली. घरंदाज लोक ती ऐकत नसत. पुढे १९९०च्या सुमारास डॉमिनिकन गायक हुआन लुइस गेरा यांनी ती दिवाणखान्यात आणली, ब्रॉन्क्सच्या पोरांनी जगभर नेली आणि २०१९मध्ये युनेस्कोच्या यादीत तिची नोंद झाली. आपल्या लावणीला आणि फडावरच्या बायकांना काय काय ऐकावं लागलं, ते आठवलं तर हा प्रवास मराठी माणसाला समजावून सांगावा लागू नये. वर्षानुवर्षं ज्या गाण्यापायी शिव्या खाल्ल्या, ते गाणं दुसऱ्या कोणी धड पाय न टाकता विकायला काढलं तर राग येणारच. हा राग व्हिसाचा नाही.

आणि चुरशीतून वाईटच निघतं असंही नाही. १९५०च्या दशकात मॅनहॅटनच्या पॅलेडियम बॉलरूममध्ये टिटो पुएंते आणि टिटो रोड्रिगेस या बँडप्रमुखांत पोस्टरवर कोणाचं नाव वर यावरून चुरस होती. दोघेही पोर्तोरिकन वंशाचे, वाजवत होते क्यूबाचा मांबो. तिसरा बँड क्यूबातून आलेल्या माचितोचा. त्या ईर्ष्येने संगीत किती वर गेलं!

रात्रपाळी:
पॅलेडियमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे ईर्ष्या करणाऱ्यांना उद्या कोणी देशाबाहेर काढणार नव्हतं. पुढे १९६४मध्ये 'फानिया' ही रेकॉर्ड कंपनी निघाली ती पाचेको या डॉमिनिकन वादकाने मासुची या इटालियन वंशाच्या वकिलाबरोबर काढलेली. तिथे क्यूबाची सेलिया क्रूस, पोर्तो रिकोचा एक्तोर लाव्हो, पनामाचा रुबेन ब्लादेस, सगळे एकत्र गायले. सालसा हे संगीत कोणाचं यावर क्यूबन आणि पोर्तोरिकन आजही वाद घालतात, पण तो वाद पोट भरलेल्यांचा आहे. माझ्या काउंटरवरचा वाद भाड्याचा होता.

हडसनपार:
दोघांनाही सांगतो, संगीत आणि इतिहास पुरे. मी त्या रस्त्यापासून चार गल्ल्यांवर सहा वर्षं राहिलो आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर न्यू जर्सीला आलो. सकाळी आठला तिचा हात धरून जाताना दारादारांत उभ्या असलेल्या बायका मी बघितल्या आहेत. मागे उभे असलेले पुरुषही बघितले आहेत. ऑक्टोबर २०२४मध्ये शहराने तिथे नव्वद दिवसांची मोठी पोलिस मोहीम काढली ती उगाच नाही, तिथल्याच रहिवाशांनी, त्यात लॅटिनो रहिवासीही आले, तक्रारी केल्या होत्या.

'दोन डॉलरचा नाच' हे ऐकायला किती निरुपद्रवी वाटतं. पण नाचाबरोबर दारू असते. गिऱ्हाइकाने मुलीसाठी महागडा ग्लास घ्यायचा आणि प्रत्येक ग्लासामागे तिला ठरलेली रक्कम मिळायची, याला तिकडे 'फिचा' म्हणतात. म्हणजे तिने पीत राहायचं. सीमा ओलांडताना झालेलं दलालाचं कर्ज फिटेपर्यंत तिला यातून सुटका नसते. कोलंबियन विरुद्ध डॉमिनिकन ही चर्चा मालकाला सोयीचीच आहे. त्याच्याकडे कोणी बघतच नाही.

बारामतीकर:
हडसनपार, मालकाबद्दलचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण उपाय म्हणून पोलिस? महाराष्ट्राने २००५मध्ये डान्सबार बंद केले. तेव्हाही 'या मुली आपल्या नाहीत, बाहेरच्या आहेत' हे ऐकायला मिळालं होतं, जणू त्यामुळे त्यांच्या पोटाचा प्रश्न मिटतो. बंदी न्यायालयात टिकली नाही. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती घटनाबाह्य ठरवली. मधल्या आठ वर्षांत बार गेले, मुलींचं काम गेलं. दलाल कुठे गेले? कुठेच नाही.

न्यूयॉर्कमध्येही १९२६चा कॅबरे कायदा होता, परवाना नसलेल्या बारमध्ये लोकांनी नाचणंच बेकायदा. तो रद्द झाला २०१७मध्ये. एवढी वर्षं त्याचा दंडुका प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो बारवरच पडला, असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं.

हडसनपार:
बंदी करा असं मी कुठे लिहिलंय? मी एवढंच म्हणतोय की त्या रस्त्यावर लहान मुलं राहतात, आणि त्यांच्या आया रात्री घर साफ करायची कामं करून पहाटे त्याच रस्त्याने परततात. त्यांना कोणी दर विचारला की त्यांनी काय करायचं? त्यांच्याबद्दल धागा कोणी काढत नाही. तुमची सहानुभूती खरी असेल तर त्यांनाही तिच्यात जागा द्या.

रात्रपाळी:
हे मनाला लागलं आणि बरोबर आहे. त्या बायकाही माझ्या दुकानात येतात. त्यांच्याबद्दल मी एक ओळ लिहायला हवी होती.

ढोलकीची थाप:
माझ्या मताविरुद्ध जाणारी एक गोष्ट मीच सांगतो. डॉमिनिकन माणूस न्यूयॉर्कमध्ये व्हेनेझुएलावाल्याला नवखा म्हणतो, पण पोर्तो रिकोत तो स्वतः तेच ऐकत आलाय. लहान लाकडी होड्यांतून, 'योला' म्हणतात त्यांना, मधली मोना सामुद्रधुनी ओलांडून आलेल्या डॉमिनिकन लोकांवर पोर्तो रिकोच्या राजधानीत, सान हुआनमध्ये, किती विनोद होतात! तिथल्या सांतुर्से भागातल्या बारमध्ये त्यांच्या बायकांना जे ऐकावं लागलं, तेच इथे पुढे सरकवलं जातंय. व्हेनेझुएला आणि कोलंबियाचंही तसंच. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा होता तेव्हा कोलंबियन मजूर आणि मोलकरणी तिकडे जात. आता ७० लाखांहून अधिक व्हेनेझुएलन देश सोडून बाहेर आहेत, आणि कोलंबियात त्यांना 'वेनेको' म्हणून हिणवतात.

तरीही माझा मुद्दा मी सोडत नाही. कागद सगळ्यांना सारखे मिळाले तरी डॉमिनिकन बाई बचाता चुकलेली सहन करणार नाही, आणि करूही नये. रात्रपाळी, एक विचारतो. त्या दोघींचं कशावर तरी एकमत होतं का?

रात्रपाळी:
एका गोष्टीवर होतं. डीजेवर. बचाता किंवा मेरेंगे तो तीन मिनिटांत संपवतो. पण कोणी कोलंबियन गिऱ्हाईक वायेनातोची, म्हणजे त्यांच्याकडच्या लोकसंगीताची, फर्माईश करून डीजेला पैसे चारतो, तेव्हा गाणं सहा-सात मिनिटं चालतं आणि दर तोच, दोन डॉलर. डॉमिनिकनने मला हिशेब करून दाखवला होता, औषधाच्या पावतीच्या पाठीवर: तासाला बचाता वीस, वायेनातो नऊ. व्हेनेझुएलाची मुलगी शेजारी उभी होती. तिने पेन घेऊन खाली लिहिलं, "आणि टाच तेवढीच दुखते."