मदत हवी आहे : बाबांच्या फौजेतल्या नोकरीची नोंद कशी मिळेल?

नमस्कार मंडळी. बाबा गेले, परवा तेरवी झाली. आधी फौजेत ड्रायव्हर, १९७१ ची लढाई पाहिलेले. मग पंचवीसेक वर्षं नागपूरजवळच्या वाडीहून ट्रक. संत्र्याच्या पेट्या भरून रायपूर, संबलपूर, थेट कोलकाता. त्या रस्त्याच्या संबलपूरपर्यंतच्या भागाला आता राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणतात, बाबांसाठी तो शेवटपर्यंत 'सहा नंबर'च. निघण्याआधी टायरवर टॉमी (लोखंडी सळई) मारून आवाज ऐकायचे. घरच्या सायकलचीही सुटका नव्हती!

लढाईबद्दल मात्र चकार शब्द नाही. पेटीत 'पूर्वी स्टार' (१९७१ ला पूर्व आघाडीवर असलेल्यांना मिळालेलं पदक) आणि त्याच लढाईचं 'संग्राम मेडल' सापडलं, म्हणजे पूर्वेकडेच होते. पण डिस्चार्ज बुक पुरात भिजून लगदा झालंय आणि मेडलच्या कडेवर कोरलेला त्यांचा फौजेतला नंबर घासून गेलाय, शेवटचे तीन आकडेच दिसतात. युनिट कोणतं तेही आईला आठवत नाही. "कामठीला जायचे" एवढंच म्हणते. म्हणजे तिथलं गार्ड्सचं (ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचं) केंद्र असेल का?

पूर्ण नंबर नसताना नोंद कुठे मागायची? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी जाऊ की थेट कामठीला? सोबत कोणते कागद न्यावेत? आणि वाडीतल्या जुन्या ड्रायव्हर काकांपैकी कोणी इथे असेल तर मेसेज करा. आईला त्यांच्याशी बोलायचंय.