ग्लुकागॉन (शुगर वाढवणारं इमर्जन्सी इंजेक्शन) दिल्यावर उलट्या झाल्या, नॉर्मल आहे का?

भावाला टाइप १ डायबेटिस आहे. परवा रात्री शुगर एकदम खाली गेली, हाका मारून उठेना म्हणून पहिल्यांदाच ग्लुकागॉन दिलं, पावडरीत ते पाणी मिसळताना हात नुसते थरथरत होते. दहा-बारा मिनिटांत शुद्धीवर आला पण मग दोनदा उलटी झाली आणि डोकं ठणकायला लागलं. माझं काही चुकलं का?

उत्तर १: नाही हो ताई, तुम्ही वेळेवर दिलंत हेच मोठं. मळमळ, उलटी, डोकेदुखी हे याचे कॉमन साइड इफेक्ट आहेत. म्हणूनच इंजेक्शन दिल्या दिल्या कुशीवर वळवायचं, उताणं ठेवलं तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. नीट गिळता यायला लागलं की आधी गोड, मग पोटाला आधार होईल असं काहीतरी, कारण याचा असर फार वेळ टिकत नाही, शुगर परत पडते.

उत्तर २: थोडी धडधडही होते. भाऊ बीटा ब्लॉकर (बीपी किंवा हृदयासाठीच्या एका प्रकारच्या गोळ्या) घेत असेल तर डॉक्टरांना सांगा, नाडी आणि बीपी तात्पुरतं जास्त चढू शकतं. पण अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, श्वास लागणं असं दिसलं तर ती ॲलर्जी, तडक इमर्जन्सीत न्या.

उत्तर ३: अजून एक, हे औषध लिव्हरमध्ये साठलेली साखर बाहेर काढतं, त्यामुळे बराच वेळ उपाशी असेल किंवा दारू घेतली असेल तर नीट काम करत नाही. इंजेक्शन दिलं की लगेच ॲम्ब्युलन्सला फोन करा, वाट बघत बसू नका.